लाल कापड, काटेकोर पाऊल आणि दहापैकी गुण

शनिवारची रात्र. जेवणे आटोपली आहेत, भांडी अजून मोरीत आहेत आणि सारे घर टीव्हीसमोर बसले आहे. नाचाची स्पर्धा रंगात आली आहे. एका जोडीचा नाच संपतो. धापा टाकीत, एकमेकांचा हात घट्ट धरून दोघे परीक्षकांसमोर उभे राहतात. पाट्या वर होतात. सात, सात आणि नऊ!

घरात लगेच तीन मते पडतात. आजी म्हणतात, "एवढी जीव तोडून नाचली पोर, हात जरा सैल सोडायला काय झालं होतं?" बाबा विचारतात, "नऊ देणाऱ्यानं असं काय पाहिलं, जे सात देणाऱ्यांना दिसलं नाही?" धाकटी मात्र केव्हाच फोन हातात घेऊन बसली आहे, कारण तिची आवडती जोडी वेगळीच आहे. अर्ध्या तासाने निकाल लागतो. सर्वांत चांगली नाचली असे साऱ्या घराचे मत होते, तीच जोडी घरी जाते. "सगळं आधीच ठरलेलं असतं," असे म्हणून कोणीतरी टीव्ही बंद करते.

खरेच सगळे आधीच ठरलेले असते का? आतले काय ते आतल्यांनाच ठाऊक. पण बहुतेक वेळा अन्याय व्हायला लबाडीची गरजच पडत नाही. परीक्षक प्रामाणिक असतात, प्रेक्षक मनापासून मते देतात आणि तरीही निकाल खटकतो. असे का होते, हे समजून घ्यायचे तर एकच नाच निवडून तो नीट पाहायला हवा. त्यासाठी पासो डोब्लेइतका चांगला नाच दुसरा नाही. पाहणाऱ्याला फसवणे या नाचात फार सोपे असते.

मैदानातून फरशीवर

पासो डोब्ले म्हणजे स्पॅनिश भाषेत 'दुहेरी पाऊल'. स्पेनमध्ये पायदळाच्या संचलनासाठी वाजणारे हे झपझप चालीचे संगीत पुढे बैलांच्या झुंजीच्या मैदानात शिरले. झुंज सुरू होण्यापूर्वी मातादोर म्हणजे बैलाशी लढणारे वीर मिरवणुकीने मैदानात येतात, तेव्हा बँडवर हेच संगीत वाजते. या संगीतावर बेतलेल्या नाचाला स्पर्धेचे शिस्तशीर रूप मात्र फ्रान्समध्ये मिळाले. म्हणूनच नाच स्पॅनिश वळणाचा असला तरी त्यातल्या कित्येक हालचालींची नावे आजही फ्रेंच आहेत.

या नाचात पुरुष मातादोर असतो आणि स्त्री बहुतेक वेळा त्याच्या हातातले कापड. मातादोर ते कापड फडकावतो, अंगाभोवती फिरवतो, बाजूला खेचतो, आणि प्रत्येक वेळी स्त्रीच्या शरीरातून ती फेक दिसावी लागते. कधी ती बैल होते, तर कधी फ्लॅमेन्को नर्तकी. बैल मात्र फरशीवर कुठेच नसतो. तो समोर आहे असे पाहणाऱ्याला वाटायला लावणे, ही या नाचाची खरी परीक्षा.

सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह हे स्पर्धेतले पाच लॅटिन नाच. पहिल्या तिघांत कमरेच्या हालचालीला मोठे महत्त्व असते. पासो डोब्लेचे गणित नेमके उलटे. इथे कंबर हलली की नाच बिघडला!

फसवे काय, खरे काय?

टीव्हीवर पासो डोब्ले सुरू झाला की आधी काय दिसते? लाल-काळे कपडे, कपाळावर आठ्या, घोंगावणारा झगा, जमिनीवर आपटलेला पाय आणि शेवटी धूर. हे सारे आठ दिवसांत जमवता येते. रागीट चेहरा करायला तालीम लागत नाही. म्हणून नवखा स्पर्धकही या नाचात टाळ्या घेऊन जातो आणि घरबसल्या आपण म्हणतो, "वा, काय जोश आहे!"

जाणकार परीक्षक मात्र चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी पाहतो. पुढच्या खेपेला आपणही त्याच्यासारखे पाहून बघा.

पहिली गोष्ट पाठीचा कणा. मातादोरची छाती वर उचललेली, खांदे खाली दाबलेले, पोट आत आणि शरीराचा भार किंचित पुढे, चवड्यांवर असतो. हा ताठा पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत टिकला पाहिजे. नवख्या माणसाचे खांदे अर्ध्या मिनिटातच कानांकडे सरकू लागतात. एकदा हे लक्षात आले की पुन्हा नजरेतून सुटत नाही.

दुसरी गोष्ट पाऊल. इतर लॅटिन नाचांत पुढचे पाऊल टाकताना चवडा आधी टेकतो. पासो डोब्लेत पुढे चाल करताना पुष्कळदा टाच आधी येते, कारण ही चाल संचलनाची आहे. पाऊल ठाम पडले पाहिजे, पण धपकन नव्हे. 'अपेल' नावाच्या हालचालीत नर्तक जागच्या जागी संपूर्ण तळवा जमिनीवर आपटतो. बैलाला दिलेले ते आव्हानच असते. तो आवाज बरोबर ठोक्यावर यावा लागतो. ठोक्याच्या मागून आलेला अपेल म्हणजे फटाका विझल्यावर केलेला "धूम!"

तिसरी गोष्ट ताल. या नाचाची चाल 'एक-दोन, एक-दोन' अशी, शाळेतल्या कवायतीसारखी सरळ असते. स्पर्धेत मिनिटाला सुमारे १२० ठोके पडतात आणि जवळपास प्रत्येक ठोक्यावर पाऊल असते. लेझीमच्या पथकात एकाचा हात चुकला तर तो लांबूनही दिसतो, तशीच इथली चूक लपत नाही. पण हालचाल सोडून नुसत्या मुद्रा केल्या, तर चुकायला जागाच उरत नाही. म्हणून परीक्षक पाहतो की दीड मिनिटात जोडी किती नाचली आणि किती वेळ नुसती ऐटीत उभी राहिली.

चौथी गोष्ट दोघांमधला धागा. कापड आपोआप उडत नाही, मातादोरच्या शरीराच्या झोतात ते उडते. स्त्री स्वतःहूनच गिरक्या घेत सुटली आणि पुरुष मध्ये खांबासारखा उभा राहिला, तर तिचे कसब कितीही मोठे असले तरी पासो डोब्ले झाला नाही. उलट पुरुषाने तिला ओढले, ढकलले तरीही झाला नाही. टीव्हीवरच्या स्पर्धांत जोडीतले एक जण व्यावसायिक असते. तेव्हा हा धागा पाहिला की शिकाऊ माणूस किती शिकला, ते कळते.

पाचवी गोष्ट संगीतातले उंच क्षण. 'एस्पान्या कान्यी' ही पास्कुआल मार्किना या स्पॅनिश संगीतकाराने १९२०च्या दशकात रचलेली धून पासो डोब्लेची जणू राष्ट्रीय धून झाली आहे. तिच्यात तीन ठिकाणी संगीत चढत जाते आणि एकदम कडाडते. मुरलेल्या नर्तकांना ही ठिकाणे तोंडपाठ असतात. त्या क्षणी जोडी एका रेषेत गोठल्यासारखी थांबते आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. टीव्हीवर मात्र अनेकदा सिनेमातले किंवा रॉक संगीतातले गाणे घेतात. तिथे हे टप्पे ठरलेले नसतात. आता परीक्षकाने काय मोजायचे? इथूनच मतभेद सुरू होतात.

हे सगळे साधले तर नाच कुठवर जातो, याचे उदाहरण चक्क बर्फावर घडले. १९८४च्या सारायेव्हो हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या जेन टॉर्व्हिल आणि क्रिस्टोफर डीन या जोडीने ठरावीक तालाच्या फेरीत पासो डोब्ले सादर केला. डीन मातादोर झाला आणि टॉर्व्हिल त्याच्या हातातले कापड. तिने स्वतःकडे अगदी कापडासारखाच निर्जीवपणा आणला होता. ते पाहताना तिला वेगळी इच्छा आहे, असे क्षणभरही वाटत नाही. कसब दाखवायचे नाही, हेच तिचे कसब होते.

दहापैकी आठ म्हणजे किती?

पाहायचे काय ते कळले. आता गुणांकडे वळू.

ब्रिटनमध्ये बीबीसीने २००४ साली 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' सुरू केले. नामवंत व्यक्ती आणि व्यावसायिक नर्तक यांच्या जोड्या, परीक्षकांचे दहापैकी गुण आणि प्रेक्षकांची मते असा तो साचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत 'डान्सिंग विथ द स्टार्स' आले आणि २००६ साली आपल्याकडे 'झलक दिखला जा'. 'बूगी वूगी'वर वाढलेल्या आपल्या घरांत परीक्षकाच्या पाटीवरून वाद घालण्याची सवय तेव्हापासून पक्की झाली.

दहापैकी गुण हा हिशेब शाळेत गेलेल्या प्रत्येकाला कळतो, म्हणूनच तो टीव्हीला आवडतो. पण त्यात एक खोच आहे. समजा, तीन परीक्षक आहेत आणि 'अ' व 'ब' अशा दोन जोड्या. पहिले दोन परीक्षक 'अ'ला ८ आणि 'ब'ला ७ देतात. तिसऱ्याला मात्र 'अ' मुळीच आवडली नाही. तो 'अ'ला ५ आणि 'ब'ला ९ देतो. आता बेरीज करा. 'अ'चे २१ आणि 'ब'चे २३. तिघांपैकी दोघांच्या मते 'अ' सरस होती, तरी जिंकली 'ब'!

इथे कोणीही खोटेपणा केला नाही. झाले इतकेच की दोन परीक्षकांनी ७ ते ८ एवढीच पट्टी वापरली आणि तिसऱ्याने ५ ते ९. ज्याची पट्टी लांब, त्याच्या मताचे वजन जास्त. शाळेत एक बाई सगळ्यांना साठ ते सत्तरच्या मध्ये गुण देतात आणि दुसऱ्या बाई तीस ते नव्वदच्या मध्ये. वर्गात पहिला कोण येणार हे मग दुसऱ्या बाईंच्या विषयावर ठरते, तसेच हे.

दुसरी खोच क्रमाची. पहिल्या जोडीला ९ दिले आणि पुढे तिच्याहून चांगली जोडी आली, तर काय द्यायचे? या भीतीने परीक्षक सुरुवातीला हात राखून ठेवतो. युरोव्हिजन गीतस्पर्धा आणि फिगर स्केटिंग यांच्या गुणांवर २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जे नंतर येतात त्यांना सरासरीने अधिक गुण मिळतात, असे त्यात दिसून आले. म्हणजे चिठ्ठीत पहिला क्रमांक निघाला की थोडे नुकसान तिथेच झाले.

तिसरी खोच सर्वांत मोठी. परीक्षक मोजतो काय? आजचा नाच, की गेल्या आठवड्यापासून झालेली प्रगती? लहानपणापासून नाच शिकलेली अभिनेत्री आणि जन्मात पाऊल न उचललेला क्रिकेटपटू एकाच रांगेत उभे आहेत. तिचा पासो डोब्ले निर्दोष, पण तिला तो सोपा. त्याचे खांदे अजून वर चढतात, पण चार आठवड्यांपूर्वी त्याला ताल धरता येत नव्हता. एक परीक्षक नाचाला गुण देतो, दुसरा मेहनतीला, तिसरा त्या दोघांच्या गोष्टीला. तिन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, पण त्या एकाच पाटीवर लिहिल्या की त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

अर्थ असलेला आकडा कसा असतो, हेही पासो डोब्लेनेच दाखवले आहे. २००६ साली अमेरिकेतल्या कार्यक्रमात मास्टर पी या रॅप गायकाच्या पासो डोब्लेला तीन परीक्षकांनी मिळून ३०पैकी फक्त ८ गुण दिले होते. कठोर वाटेल, पण निदान मोठ्या नावाकडे पाहून कोणी पट्टी गुंडाळून ठेवली नाही.

जनतेचा कौल

आता धाकटीच्या हातातल्या फोनकडे वळू.

२००८ साली 'स्ट्रिक्टली'मध्ये जॉन सार्जंट नावाचे राजकीय पत्रकार उतरले. वय ६४. नाचाचा गंध नाही. त्यांच्या पासो डोब्लेत तर त्यांनी जोडीदार क्रिस्टिना रिहानॉफ हिला हाताला धरून फरशीवरून अक्षरशः ओढत नेले. कापड उडण्याऐवजी जमीन पुसत चालले होते! परीक्षकांनी त्यांना पुन्हा पुन्हा तळाला टाकले आणि प्रेक्षकांनी पुन्हा पुन्हा वर काढले. त्यांच्याहून कितीतरी चांगले नाचणारे घरी जात राहिले. शेवटी नोव्हेंबर महिन्यात सार्जंट स्वतःच स्पर्धेतून बाहेर पडले. आपण खरोखरच जिंकू अशी चिन्हे दिसू लागली होती आणि तसे झाले तर गंमत फार पुढे जाईल, असे त्यांना वाटले.

ब्रिटनमध्ये त्यावर मोठा वाद झाला. काहींना वाटले, प्रेक्षकांनी चेष्टा केली. काही म्हणाले, लोकांना हसवणारा माणूस हवा होता आणि मत त्यांचे होते, मग तक्रार कसली? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. लोकांना 'कोण चांगले नाचले' हा प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांना विचारले होते, 'तुम्हांला पुढच्या शनिवारी कोण पाहायला आवडेल?' उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे दिले.

आपल्याकडे याचे रूप आणखी निराळे. २००७ साली 'इंडियन आयडॉल'च्या अंतिम फेरीत दार्जीलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल समोरासमोर आले, तेव्हा दोन्हीकडचे लोक आपापल्या मुलासाठी झपाटून मते देत होते. स्पर्धा गाण्याची होती, पण मत होते गावाच्या मानाचे. एरवी टीव्हीवर ज्यांचे चेहरे क्वचितच दिसतात, त्यांनी असा अभिमान बाळगला तर त्यांना दोष कसा द्यायचा? पण त्या मतावरून कोण किती सुरात गायले, हे मात्र कळत नाही.

बेरजेची गंमत

परीक्षकांचे गुण आणि प्रेक्षकांची मते एकत्र कशी करायची? इथे साध्या बेरजेतही निकाल उलटा होतो.

एक उदाहरण घेऊ. चार परीक्षकांनी मिळून 'अ' जोडीला ३६, 'ब'ला ३४ आणि 'क'ला ३० गुण दिले. एकूण गुण शंभर, म्हणून टक्केवारीही तीच. प्रेक्षकांची मते 'अ'ला १० टक्के, 'ब'ला ५५ आणि 'क'ला ३५. आता दोन्ही टक्केवाऱ्या मिळवा. 'अ' ४६, 'ब' ८९, 'क' ६५. म्हणजे परीक्षकांची सर्वांत आवडती 'अ' घरी गेली.

आता टक्के सोडा आणि फक्त क्रम घ्या. पहिल्या क्रमाला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. 'अ'ला परीक्षकांकडून ३ आणि प्रेक्षकांकडून १, एकूण ४. 'ब'ला २ आणि ३, एकूण ५. 'क'ला १ आणि २, एकूण ३. आता 'क' घरी गेली! नाच तेच, गुण तेच, मतेही तीच. बदलली फक्त बेरजेची रीत. अमेरिकेतला कार्यक्रम बरीच वर्षे टक्केवारीने चालला आणि ब्रिटनचा क्रमाने. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीक आहेत. मात्र कोणती वापरणार, हे आधी ठरलेले आणि सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

रीत आधी ठरली तरी ती नीट तपासलेली हवी. सार्जंट गेल्यावर महिनाही उलटला नव्हता, तोच त्याच कार्यक्रमात याचा प्रत्यय आला. डिसेंबर २००८, उपांत्य फेरी, उरलेल्या जोड्या तीन. प्रेक्षकांची मते धरून जी जोडी पहिली येईल ती सुटणार आणि उरलेल्या दोघींना पुन्हा नाचून परीक्षकांसमोर निवाडा मागावा लागणार. परीक्षकांच्या गुणांत रेचल स्टीव्हन्स आणि लिसा स्नोडन अगदी बरोबरीत आल्या. नियमाप्रमाणे दोघींना ३-३ आणि टॉम चेंबर्सला १. आता प्रेक्षकांनी टॉमला सर्वाधिक मते दिली तरी त्याचे होणार ४. दोघींपैकी जिला दुसऱ्या क्रमाची मते मिळतील, तिचे होणार ५. म्हणजे साऱ्या देशाने टॉमला मते दिली असती, तरी तो सुटू शकत नव्हता! लोक फोन करीत होते आणि त्यांच्या मताला किंमतच नव्हती.

हे लक्षात येताच बीबीसीने त्या रात्री कोणालाही बाहेर काढले नाही. तिन्ही जोड्या अंतिम फेरीत गेल्या, दिलेली मते पुढे धरली गेली आणि आठवड्याने टॉम चेंबर्सच विजेता ठरला. बरोबरी झाल्यावर तिसऱ्याला १ऐवजी २ द्यायचे असते, तर टॉमचे ५ झाले असते आणि हा पेचच पडला नसता. एका आकड्याच्या अंतराने एका माणसाची महिनोन् महिन्यांची मेहनत वाया जायची वेळ आली होती.

पुढे अमेरिकेतही नियम बदलावा लागला. २०१८ साली परीक्षकांचे गुण कमी असूनही रेडिओवरचा लोकप्रिय निवेदक बॉबी बोन्स मतांच्या जोरावर विजेता झाला. पुढच्याच वर्षी तळाच्या दोन जोड्यांपैकी कोणी जायचे, हे ठरवण्याचा अधिकार परीक्षकांना मिळाला.

मग न्याय कशात?

नाचाच्या खऱ्या स्पर्धांनी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. बॉलरूम आणि लॅटिन स्पर्धांच्या अंतिम फेरीत 'स्केटिंग पद्धत' म्हणून एक जुनी रीत आहे. नावाप्रमाणेच ती बर्फावरच्या स्केटिंगकडून उसनी घेतलेली. तिच्यात परीक्षक गुण देतच नाहीत, फक्त क्रम लावतात. परीक्षकांची संख्या विषम असते आणि निम्म्याहून अधिक परीक्षक ज्या जोडीला पहिली म्हणतील, ती पहिली. त्यामुळे लांब पट्टीवाल्या एकट्या परीक्षकाला निकाल फिरवता येत नाही. आपल्या पहिल्या उदाहरणात या रीतीने 'अ'च जिंकली असती.

पण संगनमत झाले तर क्रम लावण्याची रीतही वाचवू शकत नाही. २००२च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्केटिंगचे सुवर्ण ५ विरुद्ध ४ अशा मतांनी रशियाच्या जोडीला मिळाले. आपल्यावर दबाव होता, असे फ्रान्सच्या परीक्षक बाईंनी सांगितल्यावर जगभर गदारोळ झाला आणि कॅनडाच्या जोडीलाही दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले. यानंतर स्केटिंगने सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत सोडली. आता प्रत्येक उडी, प्रत्येक गिरकी यांचे वेगळे मोल मांडले जाते आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण वगळून सरासरी काढली जाते. जागतिक डान्सस्पोर्ट महासंघानेही तंत्र, संगीताशी मेळ, जोडीदारी आणि रचना-सादरीकरण असे वेगवेगळे भाग पाडून गुण देण्याची पद्धत आणली.

या साऱ्यातून घरी घेऊन जाण्यासारख्या गोष्टी चारच. काय मोजणार ते आधी सांगा. वेगवेगळ्या गोष्टींना वेगवेगळे गुण द्या. बरोबरी झाली तर काय, हे नाच सुरू होण्यापूर्वी कागदावर करून पाहा. आणि लोकांचे प्रेम मोजायचे असेल तर खुशाल मोजा, पण त्याला कौशल्य म्हणू नका. 'लोकप्रिय जोडी' आणि 'उत्कृष्ट जोडी' अशी दोन पारितोषिके ठेवली तर कोणाचेच बिघडत नाही.

आपण सारे परीक्षक

हे सगळे इंग्लंड-अमेरिकेपुरते आहे, असे समजू नका. आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, महिला मंडळाच्या स्पर्धेत आपल्यापैकी कित्येक जण परीक्षकाच्या खुर्चीवर बसतात. समोर सात वर्षांची मुलगी लावणी करते, मागून मंडळाच्या अध्यक्षांचा नातू येतो. हातात कागद असतो आणि त्यावर 'गुण' एवढा एकच रकाना. आपण चेहरा पाहतो, कपडे पाहतो, टाळ्या ऐकतो आणि आकडा लिहून टाकतो.

कागदावर फक्त चार रकाने आखा. ताल, पदन्यास, भाव, मेहनत. सुरुवातीच्या दोन-तीन मुलांचे गुण आधी पेन्सिलीने लिहा आणि शेवटी पुन्हा पाहा. बक्षीस न मिळालेल्या मुलीने येऊन विचारले, "काका, माझं काय चुकलं?" तर तिला दाखवता येईल असे काहीतरी आपल्या कागदावर असले पाहिजे. "तुझे हात सुंदर होते, पण दुसऱ्या कडव्यात ताल सुटला," एवढे वाक्य ऐकले की ती पुढच्या वर्षी पुन्हा येते. "पुढच्या वेळी हं," एवढेच ऐकले तर कदाचित येणार नाही.

आणि पुढच्या शनिवारी टीव्हीवर पासो डोब्ले लागला, तर सगळ्यांनी मिळून एक खेळ करा. आवाज चालू ठेवा, पण पहिले अर्धे मिनिट चेहऱ्यांकडे पाहू नका. फक्त खांदे आणि पाय पाहा. मग प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर गुण लिहून ठेवा आणि नंतरच परीक्षकांच्या पाट्या बघा. कदाचित आजींचे गुण परीक्षकांशी तंतोतंत जुळतील. जुळले नाहीत, तर निदान भांडायला नेमके कारण मिळेल!